अधोहनू (खालचा जबडा)

कवटीतील मोकळेपणाने हलणारे एकमेव मोठे हाड. घोड्याच्या नालेसारखे वळलेले आडवे शरीर आणि त्याच्या मागच्या टोकांपासून वर जाणाऱ्या दोन शाखा असे त्याचे भाग. प्रत्येक शाखेच्या माथ्यावर दोन प्रवर्ध (हाडाची वर आलेली टोके) असतात. पुढच्यावर शंखक (कानशिलावरचा) स्नायू चिकटतो, तर मागच्याचे गोलसर मुंड शंखास्थीच्या (कानशिलाच्या हाडाच्या) खाचेत बसून कानाच्या अगदी पुढे हनुसंधी (जबड्याचा सांधा) बनतो.

हे हाड एक की दोन, याबद्दल प्राचीन ग्रंथांत एकवाक्यता नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘एकं हन्वस्थि’ व त्याची दोन ‘हनुमूलबंधने’ (जबडा मुळाशी बांधणारे भाग) मोजली आहेत, तर सुश्रुतसंहितेत ‘द्वे हन्वोः’ असा पाठ आहे. दोन्ही संहितांत पुढे फेरबदल व भर पडल्याने कोणती गणना आधीची, हे ठरवणे अवघड. सुश्रुताची दोन हाडे म्हणजे वरचा व खालचा जबडा, असा अर्थ लावता येतो. मात्र चिकित्सास्थानात निखळलेला हनुसंधी बसवताना ‘हन्वस्थिनी’ असेच द्विवचन येते. निखळतो तो खालचाच जबडा. त्यामुळे उजवा व डावा अर्ध हा अर्थ अधिक सरळ वाटतो. इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेननेही दोन हाडे मानली होती. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने १५४३ मध्ये माणसात ते एकच असल्याचे दाखवले. गर्भविज्ञानातून या मतभेदाचा थोडा उलगडा होतो. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास मेकेलच्या कूर्चेलगत (गर्भाच्या खालच्या जबड्यातील लवचीक कास्थीलगत) दोन अर्ध स्वतंत्रपणे घडू लागतात. जन्मावेळी ते हनुवटीपाशी तंतूंनी जोडलेले असतात आणि साधारण पहिल्या वर्षात एकजीव होतात.

हनुसंधीतील तंतुमय चकतीमुळे त्याचे दोन कप्पे होतात. खालच्या कप्प्यात मुंड बिजागरीसारखे फिरते, वरच्यात चकतीसह पुढे सरकते. तोंड उघडताना पहिले २०-२५ मिमी केवळ फिरणे व नंतर सरकणे, ही मांडणी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. नैसर्गिक हालचालीत मात्र दोन्ही क्रिया आरंभापासून मिसळलेल्या असतात, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते. बाहेरील पंखाकृती स्नायू (कवटीच्या तळापासून जबड्याकडे जाणारा) मुंडाला पुढे ओढतो. एकाच बाजूचा आकुंचन पावला तर जबडा विरुद्ध बाजूला वळतो. चर्वक (गालातला चावण्याचा स्नायू), शंखक आणि आतील पंखाकृती स्नायू तोंड मिटतात. मोठ्या जांभईत मुंड खाचेपुढील उंचवटा ओलांडून अडकले, की जबडा निखळतो.

प्रौढ माणसाचे तोंड बहुधा ४०-५० मिमी उघडते. मुंबईतील दंतचिकित्सक ‘आ करा’ म्हणून रुग्णाला त्याचीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतात. ती मावली नाहीत तर सुपारी-गुटख्याची चौकशी होते. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखालचे तंतू घट्ट होऊन तोंड उघडेनासे होते. संशोधक श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला. मुंबईचे कान-नाक-घसा शल्यचिकित्सक जोशी यांचे वर्णनही १९५२-५३ च्या सुमाराचे आहे. यात हनुसंधी बहुधा निरोगी असतो, म्हणून केवळ जबड्याच्या क्ष-किरण चित्रावर विसंबणे धोक्याचे. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण पानातली सुपारी चालूच आहे. ती सोडल्यावरही घट्ट झालेले तंतू सहसा पूर्ववत होत नाहीत, आणि त्यातील काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.