फिट दोन मिनिटांची, धास्ती दिवसभराची

नाशिकमधे रस्त्यात कुणाला फिट आली की लोक आधी कांदा शोधतात, आणि लासलगाव आपल्याच जिल्ह्यात म्हटल्यावर कांद्याला काय तोटा! नाहीतर चप्पल आहेच. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय मात्र कांदा घेऊन जातो. शुद्धीवर येणाऱ्याला दिसते ती नाकाशी धरलेली चप्पल आणि मोबाईल काढून उभी असलेली गर्दी, आणि तो मग घराबाहेर पडायलाच घाबरतो.

फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींनी अचानक एकदम विजेचे सिग्नल सोडणं, आणि अशा फिट्स पुन्हापुन्हा येण्याचा आजार म्हणजे अपस्मार. जगात साधारण ५ कोटी लोकांना तो आहे आणि नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात. अपस्मार असलेल्यांची उदासी, चिडचिड, भीती हा काही सगळा मनाचा कमकुवतपणा नाही. बऱ्याच जणांच्या फिट्स कानशिलामागच्या टेम्पोरल लोबमधून सुरू होतात आणि भीती, आठवणी सांभाळणारे भाग तिथेच आहेत. फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीनेही काहींची चिडचिड वाढते, ते डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद केली तर फिट्स उसळतात.

उरलेला कॉन्फिडन्स घरचे घालवतात, अर्थात प्रेमानेच. गोदावरीत एकट्याने पोहू नको, गाडी चालवू नको हे बरोबरच आहे, पण सिटीलिंकच्या बसने कॉलेज रोडला जाऊ नको, लग्न ठरेपर्यंत कुणाला बोलू नको, हे कशाला? हिंदू विवाह कायद्यातून लग्न रद्द करायचं कारण म्हणून असलेला अपस्मार १९९९ मधेच काढलाय. आणि १९९२ च्या वर्ल्ड कपमधे इंझमामला उडी मारून रनआउट करणाऱ्या जॉन्टी ऱ्होड्सलाही अपस्मार आहे.

मला विचाराल तर सुरुवात डायरीपासून करा. फिट कधी आली, आदल्या रात्री जागरण होतं का, गोळी चुकली होती का, हे लिहीत गेलं की बऱ्याचदा पॅटर्न दिसतो आणि धास्ती जरा कमी होते. मग ऑफिसात किंवा क्लासमधे दोघांना सांगून ठेवायचं की मला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात चमचा पाणी काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल. सांगितलेलं असलं की एकट्याने बाहेर पडायची हिंमत येते.

डॉक्टरकडे जाताना ती डायरी न्या आणि फक्त फिट्स मोजून परत येऊ नका. झोप लागत नाही, रडू येतं हेही बोला, आणि जगावंसंच वाटत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घरच्यांना सोबत घेऊन जा.