लॅपटॉपचा पंखा नेमका मे महिन्यातच का रडतो?

भाच्याचा लॅपटॉप जानेवारीपासूनच घरघरत होता. सकाळी चालू केला की पाच मिनिटं पिठाच्या गिरणीसारखा आवाज, मग गप्प. जळगावात ते भरीत पार्ट्यांचे दिवस, आवाजाकडे लक्ष कोण देतो? मे उजाडला, पारा ४५ ला टेकला आणि लॅपटॉप दर अर्ध्या तासाला आपोआप बंद पडू लागला. "मामा, व्हायरस असेल का?" मी कीबोर्डवर हात ठेवला, मग बाजूच्या जाळीपाशी नेला. कीबोर्ड चटका देत होता आणि जाळीतून वाऱ्याची झुळूकही नव्हती. "पंखा गया भो," म्हटलं.

आता पंखा जानेवारीतच आजारी होता, तर लॅपटॉप मे महिन्यात का पडला? उष्णता किती वेगाने निघून जाईल हे तापलेली वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. न्यूटनने हे १७०१ साली मांडलं होतं. लॅपटॉपच्या प्रोसेसरची, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या चिपची, सहनशक्ती साधारण १०० अंशांपर्यंत. खोलीत २५ अंश असतील तर फरक ७५ चा. भुसावळ-जळगावच्या भर दुपारी खोलीतही ४५ असतील तर फरक उरला ५५. म्हणजे तोच पंखा, तोच वेग, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद चौथाईहून जास्त घटली. धडधाकट पंखा एवढं सोसतो. हिवाळ्यात निम्म्या ताकदीवर ढकलत आणलेला पंखा मात्र इथे उघडा पडतो. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून 'लॅपटॉप स्लो झाला' ही तक्रार पहिली येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर तो जळण्याऐवजी बंद होणं पसंत करतो. व्हायरस बिचारा उगाच बदनाम.

पण १५ वॅटच्या प्रोसेसरचं एवढं काय कौतुक? त्याहून जास्त वीज घराघरातले जुने बल्ब खायचे. गोम आहे ती जागेत. हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तवा साधारण २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट. प्रोसेसरची चकती जेमतेम एक चौरस सेंटीमीटर आणि तिच्यातून निघतात १५ वॅट. इस्त्रीच्या तिप्पट!

ही उष्णता पंख्यापर्यंत पोचते कशी, हा मला यातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. मागचं झाकण उघडलं की तांब्याची एक चपटी नळी दिसते. ती भरीव नसते. आत किंचित पाणी असतं, हवा काढून टाकलेली असते आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब कमी असल्यामुळे पाण्याची वाफ व्हायला १०० अंशांची वाट पाहावी लागत नाही. प्रोसेसरपाशी वाफ होते, ती नळीच्या दुसऱ्या टोकाला पळते, तिथल्या पातळ पात्यांच्या जाळीत उष्णता सोडते आणि पाणी होऊन त्या थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, परत येते. खिडकीतला वाळ्याचा कूलर आणि ओट्यावरचा माठ याच हिशेबावर चालतात, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. १५ वॅट वाहून न्यायला पावणेतीन मिनिटांत एक ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. फरक एवढाच की कूलरला बादल्या ओताव्या लागतात, इथे तेच थेंब वर्षानुवर्षं फिरत राहतात. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ही नळी नावारूपाला आणली. त्याआधी १९४४ मध्ये रिचर्ड गॉगलर यांना याच कल्पनेचं पेटंट मिळालेलं होतं.

म्हणजे थंडावा पंखा तयार करत नाहीच. तो फक्त शेवटचा हमाल. नळीने आणून टाकलेला माल दाराबाहेर फेकायचा, एवढंच त्याचं काम.

भाच्याच्या हमालाला दोन दुखणी होती. घर जिनिंगच्या रस्त्यावर. पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधोमध रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून पेळूसारखी एक पट्टी जमली होती, चिमट्याने अख्खी निघाली. ती काढूनही घरघर राहिली, कारण दुसरं दुखणं बेअरिंगचं होतं. पंख्याचा बारीक दांडा बेअरिंगच्या भोकात तेलाच्या थेंबावर फिरतो. ते तेल आटलं की दांडा डगमगतो. थंडीत उरलंसुरलं तेल घट्ट असतं, म्हणून सकाळी आवाज. गरम झाल्यावर ते पातळ होतं, म्हणून मग गप्प. शिलाई मशीनचं तेल सोडणारे पुष्कळ आहेत. चार दिवस बरं वाटतं, पण झिजलेली भोकं तेलाने भरत नाहीत. बदलावा हे उत्तम.

पंख्याला बहुधा चार वायरी असतात. दोन विजेच्या. तिसरी फेरे मोजते: दर फेऱ्याला दोन ठोके, मिनिटाला ३,००० फेरे असतील तर सेकंदाला १०० ठोके. ठोके आले नाहीत तर काही लॅपटॉप चालू व्हायलाच नकार देतात. चौथी वेग ठरवते. तिच्यावरची विजेची उघडझाप सेकंदाला २५,००० च्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. म्हणून नवा पंखा घेताना नुसता आकार पाहू नये. जुन्यावरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवायचे. दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये डावा-उजवा आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात, तिथे हमखास फसगत होते. आम्ही जुना पंखाच खिशात घालून गोलाणी मार्केटला गेलो.

बसवताना सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून सुट्या भागांना हात लावण्याआधी लोखंडी खिडकीला हात लावला. स्क्रू लांब-आखूड असतात, ते ज्या जागचे त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावले. पंख्याची पिन वायर ओढून नाही, नखाने कडेकडेने उचलली. आमचा पंखा नळीपासून सुटा होता, त्यामुळे प्रोसेसर आणि नळी यांच्यामधल्या फटी भरणाऱ्या पेस्टला हात लावावा लागला नाही. दोन्ही जोडलेले असतील तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, कारण दोन सपाट दिसणाऱ्या धातूंमध्येही सूक्ष्म फटी असतात आणि त्यात अडकलेली हवा उष्णतेला तांब्याच्या जवळजवळ पंधरा हजार पट अडवते.

संध्याकाळी लॅपटॉप चालू केला. आवाज नाही. भाच्याने जाळीपाशी हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"मामा, हा तर आधीपेक्षा गरम वारा टाकतोय!"

"टाकू दे," म्हटलं. "इतके दिवस तो आत होता."