लयकारिकेवरचा आत्मघाताचा आरोप

सांगलीत विश्रामबागच्या शिकवण्यांपासून विज्ञान प्रदर्शनातल्या थर्माकोलच्या पेशीपर्यंत लयकारिकेखाली (लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचन करणारी इवलीशी पिशवी) एकच ओळ: 'आत्मघाती पिशवी, फुटली की पेशी खलास.' गुण मिळतात, चित्र मात्र चुकीचं.

लयकारिकेतली विकरं (एन्झाइम, म्हणजे इथे पदार्थांचे तुकडे करणारी प्रथिनं) आम्लातच नीट चालतात. आत पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ ते ५, बाहेर पेशीद्रवात साधारण ७.२. त्यामुळे एखादी फुटलीच, तर सांडलेली विकरं बरीचशी थंडावतात. (एकदम पुष्कळ फुटल्या तर पेशी मरते, तेवढं खरं.) पेशीच्या नियोजित मरणाचा नेहमीचा एक मार्ग तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जाकेंद्रं) सुटलेल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनापासून सुरू होतो.

लयकारिकेचं रोजचं काम भंगारवाल्याचं: निकामी तंतुकणिका, गिळलेले जीवाणू यांचे तुकडे करून कामाचा माल पेशीला परत द्यायचा. तिथलं एखादं विकर जन्मतः अपुरं असलं, तर न पचलेला मेद साठून गोशेसारखे आजार होतात.