स्वप्न विरायला लागलं की हात चोळा

‘आज रात्री हेडफोन लावून झोपा आणि स्वप्नात हवं ते करा’ छापाची रील हल्ली कुणी ना कुणी पाठवतंच. कधी ॲप, कधी डोळ्यांवर बांधायची लुकलुकत्या दिव्यांची पट्टी, कधी थेट गोळ्या. गंमत म्हणजे ज्या गोष्टीच्या जिवावर हा धंदा चाललाय ती खरी आहे. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं, म्हणजे ल्युसिड ड्रीम, प्रयोगशाळेत नोंदवलं गेलंय. रीलमध्ये सांगत नाहीत ते एवढंच, की अशा नोंदवलेल्या स्वप्नांची सरासरी लांबी दोन मिनिटांच्या आसपास भरते. म्हणून खरा प्रश्न ते टिकवायचं कसं, हा आहे.

आधी डोळ्यांकडे बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. ठसठशीत स्वप्नं बहुतेक रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड बुबुळं भरभर हलतात त्या टप्प्यात, पडतात. त्या वेळी ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प बसवतात आणि हातपाय लुळे पडतात. (जाग आल्यावरही हा लुळेपणा काही क्षण रेंगाळला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. त्याचं खापर आपल्याकडे अजून मुंज्यावर फुटतं!) यातून सुटतात ते श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच फायदा घेतला. ॲलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याने झोपेतूनच डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती कागदावर उमटली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं.

लाबर्ज आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा प्रयोग तर मला फारच आवडतो. त्याचा अर्धा भाग तुम्हीही आत्ता करू शकता. डोळे मिटा, पापण्यांवर बोटं हलकेच टेकवा आणि मनातल्या मनात एका वर्तुळावरून नजर फिरवा. बुबुळं गचके खात जातात, कितीही प्रयत्न केला तरी. आता डोळे उघडून, हात लांब करून अंगठा गोल फिरवा आणि नजर त्यावर ठेवा. या वेळी डोळे तेल घातल्यासारखे सरकतात. मग स्वप्नात, स्वप्नातल्याच अंगठ्यामागे नजर फिरवली तर? झोपलेल्यांच्या डोळ्यांच्या नोंदी सलग सरकणाऱ्या निघाल्या, जागेपणी बघताना निघतात तशा. म्हणजे निदान या बाबतीत तरी स्वप्नातलं बघणं कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष बघण्याच्या जवळचं आहे.

हालचालींचंही तसंच. म्युनिकमध्ये २०११ साली एका झोपलेल्या माणसाने एमआरआय यंत्रात, स्वप्नात, मूठ आवळली. मेंदूचा जो भाग खऱ्या मुठीच्या वेळी चेततो, तोच तेव्हाही चेतला. आदेश निघतो, मज्जारज्जूत अडतो. पण हाताला काय जाणवायला हवं याचा अंदाज मेंदूने बांधलेला असतो, आणि स्वप्नात तोच स्पर्श म्हणून जाणवतो.

आता टिकवण्याकडे. ल्युसिड स्वप्न विझताना आधी दृश्य जातं, रंग फिके पडतात, कडा पुसट होतात. अंगाची जाणीव मागे रेंगाळते. लाबर्ज यांनी म्हणूनच दोन उपाय तपासले: स्वप्नातल्या स्वप्नात हात एकमेकांवर जोरात चोळणं आणि जागच्या जागी गरगर फिरणं. काहीच न करता स्वप्नाला वाहू देणाऱ्यांपेक्षा यातला कुठलाही एक उपाय करणाऱ्यांचं स्वप्न कितीतरी जास्त वेळा टिकलं. का? त्यामागचा तर्क असा की शरीराच्या जाणिवेची यंत्रणा मेंदूत एकच आहे. ती स्वप्नातल्या तळहातांच्या घर्षणात गुंतली की गादीचा, पांघरुणाचा स्पर्श नोंदवायला जागा उरत नाही. गरगर फिरण्यात कानातल्या तोलाच्या यंत्रणेशी जोडलेली, डोळे हलवणारी केंद्रंही कामाला लागत असावीत. हा तर्क अजून सिद्ध व्हायचाय, पण मला पटतो. स्पष्टता वाढवायलाही हेच चालतं: भिंतीला हात लावा, तिचा खरखरीतपणा चाचपा. ‘अजून स्पष्ट हो’ असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा हे बरं.

यंत्रांचं काय? २००९ मध्ये ल्युसिड स्वप्नात मेंदूच्या पुढच्या भागात ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० वेळा उमटणाऱ्या, विद्युत लहरी वाढल्याचं जाहीर झालं आणि पुढे तेवढ्याच वारंवारतेचा सौम्य प्रवाह डोक्याला देऊन बघण्याचे प्रयोगही झाले. पण २०२२ च्या एका विश्लेषणात डोळ्यांच्या बारीक झटक्यांचा विद्युत-गोंगाट वजा केल्यावर ती वाढ उरलीच नाही. पुन्हा डोळेच!

गोळीचा दावा मात्र हवेतला नाही. गॅलंटामिन हे अल्झायमरचं औषध अ‍ॅसिटिलकोलिन या चेतापेशींमधल्या निरोप्या रसायनाचा नाश रोखतं. २०१८ च्या अभ्यासात १२१ जणांपैकी नकली गोळीवर १४ टक्क्यांना, ४ मिलिग्रॅमवर २७ आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्क्यांना ल्युसिड स्वप्न पडलं. मात्र ही मंडळी या विषयात आधीपासून रस असलेली होती, आणि गोळी घेण्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून अर्धा तास जागी राहत होती. केमिस्टकडे जाऊन मागायची ही गोष्ट नव्हे.

वेळेचा मुद्दा त्याहून मोठा. रेमचा टप्पा साधारण दीड तासाने परततो आणि दर फेरीला लांबत जातो. पहाटे तो सर्वांत लांब असतो आणि जागही बऱ्याचदा त्यातूनच येते, म्हणून ते स्वप्न लक्षात राहतं. ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ या समजुतीत तथ्य एवढंच. लांब ल्युसिड स्वप्न हवं असेल तर तेही पहाटेच शोधायचं, पण रोज झोपमोड करून नाही. आणि हात चोळूनही जाग आलीच, तर डोळे न उघडता, कूस न बदलता तसंच पडून राहा. रेम अजून संपलेली नसेल तर पुन्हा आत शिरता येतं.