करिअर बदलताना ‘वही घे आणि लिहून काढ’ म्हणतात, ते आलं कुठून

नोकरी गेली, रिटायरमेंट आली किंवा इतकी वर्षं केलेलं काम आता नकोच वाटायला लागलं, की कोणी ना कोणी सांगतंच, एक वही घे, दोन कॉलम कर, काय आवडतं ते लिहून काढ. ऐकताना हे अलीकडचं फॅड वाटतं, पण मुळं बरीच जुनी आहेत.

दोन कॉलमचंच घ्या ना. १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टली, म्हणजे पुढे ज्याचं नाव ऑक्सिजनच्या शोधाशी जोडलं गेलं तोच, लीड्समध्ये धर्मोपदेशक होता आणि त्याला लॉर्ड शेलबर्न या इंग्लंडमधल्या बड्या राजकारण्याकडे नोकरीची ऑफर आली. जावं की राहावं काही ठरेना, म्हणून त्याने बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं. फ्रँकलिनने उत्तरात काय कर ते सांगितलंच नाही, कसं ठरवायचं तेवढं सांगितलं. कागदावर मधोमध रेघ मार, एकीकडे बाजूचे मुद्दे, दुसरीकडे विरुद्धचे, तीन-चार दिवस जसं सुचेल तसं लिहीत राहा, मग प्रत्येकाचं वजन बघ, इकडचा एक आणि तिकडचे दोन मिळून सारखे वाटले तर तिन्ही खोडून टाक, शेवटी शिल्लक कुठे राहतंय ते बघ. प्रिस्टली गेला शेवटी त्या नोकरीला. आज आपण हेच करतो पण दहा मिनिटांत उरकतो आणि मुद्दे नुसते मोजतो, ते तीन-चार दिवस आणि ते वजन, दोन्ही मधल्या मध्ये गळलं. मला तर खरी ताकद तिथेच होती असं वाटतं.

पुढे १९०८ मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्सने व्होकेशन ब्युरो, म्हणजे काम निवडायला मदत करणारं केंद्र, काढला. तिथे येणाऱ्या तरुणांना तो स्वतःबद्दलच्या प्रश्नांची लांबलचक यादी द्यायचा, तुला काय जमतं, काय आवडतं, सवयी कशा आहेत वगैरे. पार्सन्स त्याच वर्षी वारला. त्यानंतर आल्या टेस्ट, १९२७ ची, एडवर्ड स्ट्राँग या मानसशास्त्रज्ञाची आवडी मोजणारी प्रश्नावली त्यातलीच एक, आणि पेन्सिल हळूहळू एक्स्पर्टच्या हातात गेली.

ती परत माणसाच्या हातात आली त्यात रिचर्ड बोल्सचा मोठा वाटा आहे. हा सॅन फ्रान्सिस्कोत पाद्री होता, १९६८ मध्ये चर्चचं बजेट कापलं आणि याचीच नोकरी गेली. नंतर त्याच्या लक्षात आलं की कॉलेज कॅम्पसवर काम करणाऱ्या पाद्र्यांचीही तीच गत होतेय, मग त्यांच्यासाठी १९७० मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली. आपण मनापासून केलेल्या कामांच्या गोष्टी लिहा आणि त्यातून स्वतःची कौशल्यं शोधा, हा व्यायाम लाखो लोकांपर्यंत पोचला तो मुख्यतः त्याच्यामुळे.

पण या सगळ्यात एक गोष्ट राहूनच जात होती, जे सुटलं त्याचं काय? विल्यम ब्रिजेस साहित्य शिकवायचा, सत्तरच्या दशकात ते सोडलं, आणि १९८० मध्ये त्याने मांडलं की बदल बाहेर घडतो, स्थित्यंतर आत चालतं, आणि आतलं नेहमी शेवटापासून सुरू होतं. आधी काहीतरी संपतं, मग मधला रिकामा काळ, मग नवी सुरुवात. याच्यामागे मानववंशशास्त्र आहे, आर्नोल्ड व्हान जेनेपने १९०९ मध्येच जन्म-लग्न-मृत्यूच्या विधींमध्ये अशा तीन पायऱ्या दाखवल्या होत्या. मधल्या काळात काहीच सुचत नाही म्हणून घाबरणाऱ्या माणसाला हे नुसतं कळलं तरी केवढा धीर येतो.

आणि १९९४ चा एक अभ्यास. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या काही लोकांना त्या धक्क्याबद्दल, मनात जे जे येतं ते सगळं लिहायला सांगितलं. इतर विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा किंवा अजिबात न लिहिणाऱ्यांपेक्षा यांना नवी नोकरी लवकर लागली. नोकरी शोधायची धडपड काही वाढलेली दिसली नाही, बदललेलं दिसलं ते जुन्या नोकरीकडे आणि नव्या शोधाकडे बघणं.