टॅबिंगची पट्टी कुठली आणि बसची कुठली?

घरी सोलर पॅनल बनवायला घेतलं की सामानात चपट्या चंदेरी पट्टीची दोन वेटोळी येतात. दोन्ही तांब्याच्या, दोन्हींवर कथलाचा मुलामा. एक टॅबिंग वायर, दुसरी बस वायर. गोंधळाचं मूळ नावात आहे. पॅनलमधला सेल म्हणजे उन्हापासून वीज करणारा सिलिकॉनचा पातळ तुकडा. त्याच्या तोंडावर, म्हणजे उन्हाकडच्या बाजूवर, छापलेल्या रुपेरी रेघांना ‘बसबार’ म्हणतात, म्हणून नवखा माणूस त्यांवर बस वायर चिकटवायला जातो. त्या रेघांवर बसते ती टॅबिंग. बस वायर सेलला शिवतसुद्धा नाही.

टॅबिंग साधारण २ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर जाड असते. एका सेलच्या तोंडावरून निघून ती शेजारच्या सेलच्या पाठीखाली जाते, म्हणून तुकडा सेलच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा कापावा लागतो. तिचा नाजूकपणा मुद्दाम ठेवलेला आहे. सेल जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि उन्हात तांबं सिलिकॉनच्या सहापट प्रसरण पावतं. पट्टी मऊ असली तर ताण स्वतः सोसते, राठ असली तर सेलला तडा जातो. शिवाय दोन रेघांच्या १५६ मिलिमीटरच्या सेलवर ५ मिलिमीटरच्या बस पट्ट्या लावल्या तर १० मिलिमीटर झाकले जातात, टॅबिंगने फक्त ४. झाकलेली जागा वीज देत नाही, आणि दिसतंही ओबडधोबड.

बस वायर ५ मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि थोडी जाड. टॅबिंगने जोडलेल्या सेलच्या रांगेच्या टोकाला आलेल्या सगळ्या टॅबिंग एकत्र करून पुढच्या रांगेला जोडणं एवढंच तिचं काम, पण सगळा करंट तिच्या एकटीतून जातो. ८ अँपिअर वाहत असताना तिथे टॅबिंगची एकच पट्टी वापरली तर दर मीटरला साडेतीन वॉटच्या वर उष्णतेत जातात. ५ × ०.२ मिलिमीटरच्या बस वायरमध्ये एक वॉटच्या आसपास. सोल्डर करतानाही फरक कळतो. रुंद तांबं उष्णता पटकन ओढून घेतं, म्हणून बसच्या सांध्याला जास्त वॉटचा आयर्न हवा. तोच सेलवर टेकवून ठेवला तर मात्र नुकसान होतं.

पॅनल देखणं होतं ते टॅबिंगमुळे, असं माझं ठाम मत आहे. वेटोळ्यातून निघालेली पट्टी वाकडी असते. तिचं एक टोक पक्कडीत धरून हलकेच ताणलं की सरळ होते. सगळे तुकडे एकदम, एकाच मापाचे कापा. काचेतून बघणाऱ्याची नजर या रेघांवरूनच धावते, आणि एक तिरकी गेली की सगळं पॅनल तिरकं वाटतं. बसचं तसं नाही. ती कडेला असते, मागच्या शीटच्याच रंगाची पट्टी वर ठेवली की दिसत नाही. तिचे कोपरे वाकवत बसू नका. दोन तुकडे काटकोनात एकावर एक ठेवून सोल्डर करा.

चूक सहज होते ती रांगांच्या दिशेत. एकूण ३६ सेल ४ रांगांत असतील तर शेजारशेजारच्या रांगा उलटसुलट हव्यात, म्हणजे बस वायर एका रांगेची धन बाजू दुसरीच्या ऋण बाजूला जोडते. काच बंद करण्याआधी कडक उन्हात मीटर लावा. २० व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक; १० दिसलं तर एक रांग उलटी बसली आहे, आणि बसचे सांधे अजून उकलता येतात.