मुळांवरील गाठी

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर जिवाणूंच्या वास्तव्यामुळे येणारे लहान गोळे. त्यांचा आकार मोहरीपासून वाटाण्याच्या दाण्यापर्यंत असतो. ऱ्हायझोबियम गटातले जिवाणू या गाठींत पिकाच्या जिवंत पेशींच्या आत राहतात, हवेतल्या नत्राचे अमोनियात रूपांतर करतात आणि त्या बदल्यात पिकाकडून अन्न घेतात. मराठवाड्यात तूर, हरभरा, मूग, उडीद आणि भुईमूग यांच्या मुळांवर गाठी पूर्वापार येत आल्या आहेत. गेल्या काही दशकांत खरिपाचे बहुतेक रान व्यापणाऱ्या सोयाबीनवरही त्या येतात. जिवाणू पेशीत शिरला म्हटले की पहिला विचार रोगाचा येतो. इथल्या शिरकावात मात्र यजमान वनस्पती स्वतः वाट करून देते, आणि आत घेतल्यावरही जिवाणूला मोकळे सोडत नाही.

गाठी माहीत होत्या, पण त्यांचे काम कळायला १८८६ साल उजाडावे लागले. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी त्या वर्षी दाखवून दिले की निर्जंतुक वाळूतला वाटाणा नत्राअभावी खुरटतो आणि शेतातल्या मातीचा थोडा अर्क घातला की त्याच्या मुळांना गाठी येऊन तो सुधारतो. नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी १८८८ मध्ये गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. ऱ्हायझोबियम हे नाव फ्रँक यांनी १८८९ मध्ये दिले. आज हा गट अनेक प्रजातींत विभागला गेला आहे. सोयाबीनचा जिवाणू ब्रॅडीऱ्हायझोबियममध्ये मोडतो, तर हरभऱ्याचा मेसोऱ्हायझोबियममध्ये.

प्रवेश

सुरुवात मुळाकडून होते. नत्राची चणचण असलेले मूळ भोवतालच्या मातीत फ्लॅव्होनॉइड संयुगे सोडते. सोयाबीनच्या बाबतीत डेडझीन आणि जेनिस्टीन ही त्यांतली मुख्य. योग्य जिवाणूकडे ही संयुगे ओळखणारे प्रथिन असते. ते कामाला लागले की जिवाणूची गाठ घडवणारी नॉड जनुके चालू होतात आणि जिवाणू उत्तरादाखल एक रेणू बाहेर टाकतो. त्याला नॉड घटक म्हणतात. कायटिनच्या छोट्या साखळीला मेदाम्लाची शेपटी जोडलेली, अशी त्याची घडण असते. साखळीवरचे बारीकसारीक रासायनिक गट प्रजातीगणिक बदलतात, आणि मूळ कोणाला ओळखणार हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते. कायटिन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेचाही घटक आहे. बुरशीची चाहूल लागताच बचाव उभा करणारी वनस्पतीची ग्राहक प्रथिने आणि नॉड घटक ओळखणारी ग्राहक प्रथिने एकाच कुळातली आहेत. शत्रू ओळखणाऱ्या यंत्रणेच्या भाऊबंदांवरच मित्र ओळखायचे काम सोपवलेले आहे, हा या साऱ्या प्रकरणातला मोठा गमतीचा भाग.

नॉड घटक ओळखला गेला की मूळरोमाच्या, म्हणजे मुळावरच्या केसासारख्या पेशीच्या, केंद्रकापाशी कॅल्शियमची पातळी ठरावीक ठेक्यात वरखाली होऊ लागते. मग मूळरोमाचे टोक वळते, आकड्यासारखे मुडपते आणि त्याच्या बेचक्यात मोजके जिवाणू कोंडले जातात. तिथली पेशीभित्तिका वनस्पती आपलेच पेक्टिन विरघळवणारे विकर (एन्झाइम) सोडून सैल करते. पेशीपटल आतल्या बाजूला दबत जाते आणि त्याची बारीक नळी तयार होते, तिला संसर्गसूत्र म्हणतात. नळीची भिंत वनस्पतीच बांधते. आत जिवाणू विभाजत विभाजत रांगेने पुढे सरकतात. पेशीच्या मधोमध असूनही तांत्रिक अर्थाने ते या टप्प्यावर पेशीच्या बाहेरच असतात, कारण त्यांच्या आणि पेशीद्रव्याच्या मध्ये अखंड पटल आणि भिंत आहे. नळी लांबत एका पेशीतून दुसरीत जाते. तोवर मुळाच्या आतल्या थरातल्या पेशी विभाजू लागलेल्या असतात आणि गाठ आकाराला येत असते.

खरा पेशीप्रवेश होतो तो गाठीत. नळीच्या टोकाला जिथे भिंत नसते तिथून जिवाणू सुटतात आणि पेशी त्यांना आपल्या पटलात गुंडाळून आत ओढते. हे वेष्टण पुढे कायम राहते. त्याच्या आत जिवाणूचे रूप आणि चयापचय दोन्ही बदलतात, या अवस्थेतल्या जिवाणूला बॅक्टेरॉइड म्हणतात. गाठीतल्या एकेका पेशीत ते हजारोंच्या संख्येने असतात. वाटाणा, मेथी आणि लसूणघास या पिकांत वनस्पती विशिष्ट पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळ्यांचा, मारा करून बॅक्टेरॉइडांना असे बदलून टाकते की त्यांना पुन्हा विभाजता येत नाही. सोयाबीनमध्ये इतकी सक्ती नसते. गाठ कुजल्यावर त्यातले जिवाणू परत मातीत जाऊन वाढू शकतात.

भुईमुगाची तऱ्हा निराळी. त्यात मूळरोम मुडपत नाही आणि संसर्गसूत्रही बनत नाही. उपमूळ बाहेर फुटते तिथे पेशींमध्ये फट पडते, तिच्यातून जिवाणू आत सरकतात आणि मग शेजारच्या पेशींत घेतले जातात. भुईमुगाच्या गाठी उपमुळांच्या बुडाशीच का दिसतात, याचा उलगडा त्यावरून होतो.

रोगजंतूंशी नाते

प्राण्यांच्या पेशीत शिरणारे रोगजंतू यजमानाच्या संमतीची वाट पाहत नाहीत. विषमज्वराचा साल्मोनेला आतड्याच्या पेशीला सुईसारख्या यंत्रणेतून प्रथिने टोचतो. पेशीच्या पृष्ठभागाला घड्या पडतात आणि त्या लपेट्यात जिवाणू आत ओढला जातो. क्षयाच्या जंतूला फुफ्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तरी दोन्ही जगांमध्ये वाटते तेवढी भिंत नाही. गाई-म्हशी गाभडण्याला कारण ठरणारा आणि कच्च्या दुधातून माणसाला येणारा ब्रुसेला हा वंशावळीत ऱ्हायझोबियमचा जवळचा नातलग आहे. लसूणघासाच्या गाठीत टिकून राहायला तिथल्या जिवाणूला बॅक-ए नावाचे प्रथिन लागते. प्राण्याच्या शरीरात दीर्घकाळ मुक्काम ठोकायला ब्रुसेलालाही त्याच प्रथिनाची गरज पडते, हे २००० मध्ये दाखवले गेले. देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या गोठ्यातला रोग आणि बांधापलीकडच्या हिरव्या चाऱ्यातला उपकार, यांच्या मुळाशी पेशीत तग धरण्याची एकच जुनी युक्ती आहे.

देवाणघेवाण

हवेत ७८ टक्के नत्र असले तरी त्याच्या रेणूतला बंध फोडणे महागडे असते. नत्राचा एक रेणू अमोनियात बदलायला बॅक्टेरॉइडाला एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक संयुगाचे किमान १६ रेणू खर्चावे लागतात. ही ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून येते आणि जिवाणूला ती मुख्यतः मॅलेट या साध्या सेंद्रिय संयुगाच्या रूपात मिळते. दुसरी अडचण प्राणवायूची. नत्र फोडणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायू लागताच निकामी होते, पण ऊर्जेसाठी जिवाणूला श्वसन तर करावेच लागते. यावरची तोड म्हणजे लेगहिमोग्लोबिन. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातले हे लोहयुक्त प्रथिन मोकळा प्राणवायू अत्यल्प ठेवते आणि तरीही जिवाणूपर्यंत पुरेसा पोचवते. कामाच्या गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

एवढा खर्च असल्यावर फुकट खाणाऱ्याचा प्रश्न येतोच. नत्र न देता नुसते अन्न घेणारे जिवाणूंचे वाणही जमिनीत असतात आणि प्रवेशाच्या वेळी मूळ त्यांना वेगळे काढू शकत नाही, कारण नॉड घटकाची ओळख म्हणजे कामाची हमी नव्हे. संशोधक टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर प्रयोग केला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आरगॉन भरले. जिवाणू तेच, इच्छा असूनही काम करता येईना अशी स्थिती. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ खुंटली आणि वनस्पतीने तिथला प्राणवायूचा पुरवठा कमी केल्याची चिन्हे दिसली. खेड्यातल्या सावडीत असेच चालते. आपल्या खुरपणीला माणसे घेऊन दुसऱ्याच्या वेळी गायब होणाऱ्याला पुढच्या खेपेला कोणी हाक मारत नाही. इथला सहकार सदिच्छेवर चाललेला नाही, तो हिशेबावर टिकून आहे. गाठींच्या संख्येवरही वनस्पतीचे नियंत्रण असते. पुरेशा गाठी झाल्या की पानांकडून निघालेला संदेश नव्या गाठी रोखतो. म्हणून गाठी भारंभार आल्या नाहीत तर लगेच चिंता करू नये.

बियाण्याला लावायच्या जिवाणू संवर्धकासाठी जिवाणूचा वाण निवडताना नत्र देण्याची क्षमता एकटी पुरत नाही. प्रयोगशाळेत सरस ठरलेला जिवाणू मातीत आधीपासून असलेल्या वाणांच्या गर्दीत गाठीची जागा पटकावू शकला नाही, तर उपयोग शून्य. उन्हाळ्यात तापणाऱ्या जमिनीत टिकणे हाही त्याचा तितकाच मोठा गुण मानावा लागतो.

मराठवाड्यातील वापर

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे त्याचे आजचे नाव. त्याच्या बदनापूर येथील संशोधन केंद्रात प्रामुख्याने कडधान्यांवर काम होते. बीडीएन ७११ हा पांढऱ्या दाण्याचा लवकर येणारा तुरीचा वाण तिथलाच. बियाण्याला जिवाणू संवर्धक लावण्याची शिफारस कडधान्यांच्या लागवड-तंत्रात कायम असते.

तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांना चालणारे जिवाणू या काळ्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ते एकमेकांच्या पिकांवरही बऱ्यापैकी चालतात. सोयाबीन पूर्व आशियातले पीक, त्याचा जिवाणू इथल्या मातीत मुळात नव्हता. जिथे सोयाबीन कधीच झालेले नाही अशा रानात संवर्धकाने ठळक फरक पडतो. जिथे ते वर्षानुवर्षे होत आले आहे तिथे फरक कमी दिसतो आणि शेतकरी 'पाकिटात काही दम नाही' म्हणतो. हरभऱ्याचा जिवाणू तर आणखी खोडीचा, दुसऱ्या पिकाचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही.

नेहमीची पद्धत १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक अशी आहे. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावतात, सावलीत सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. सोयाबीनची टरफले पातळ असल्याने जोरात चोळल्यास उगवण घटते. बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा लागतो. घाईच्या दिवसांत तिन्ही एकाच घमेल्यात कालवले जातात आणि निम्मे जिवाणू तिथेच मरतात. शासकीय मानकानुसार भुकटीच्या संवर्धकात प्रति ग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटात त्या किती उरत असतील याची शंका घ्यायला जागा आहे. मुदतीची तारीख पाहण्याइतकेच ते कुठे ठेवले होते हे विचारणे महत्त्वाचे.

युरियाचा हात सैल सोडला तर गाठी येत नाहीत. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर मुळाला जिवाणूची गरजच उरत नाही आणि प्रवेशाची सगळी साखळी मंदावते. पेरणीसोबत थोडे नत्र देणे ठीक, पण पिवळेपणा दिसताच युरिया फेकण्याची सवय गाठींच्या मुळावर येते. तो पिवळेपणा पुष्कळदा चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याचा असतो, किंवा भारी रानात पाणी साचून मुळे गुदमरल्याचा. पावसाचा लांबलेला खंडही गाठींना तितकाच मारक ठरतो.

बेवडासाठी कडधान्य चांगले हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेआधीपासून ठाऊक आहे. सोयाबीनच्या बाबतीत मात्र ते जपूनच म्हणावे. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे मिळालेला बराचसा नत्र पोत्यात भरून लातूरच्या बाजारात जातो. पीक लागणाऱ्या नत्रापैकी साधारण अर्धाच हवेतून घेते, बाकीचा मातीतून. मळणीनंतर भुसकटही रानाबाहेर गेले तर जमिनीला मिळकत थोडीच. तूर पाला गाळते, त्यामुळे तिचा हिशेब जास्त चांगला.

गाठी पाहण्याची वेळ पेरणीनंतर ३० ते ४५ दिवसांची. झाड उपटू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढून बादलीत भिजवावे आणि माती आपोआप सुटू द्यावी. गाठ नखाने फोडली असता आतला भाग गुलाबी किंवा लालसर निघाला तर नत्राचे काम चालू आहे. आत पांढरट असेल तर गाठ कोवळी तरी आहे किंवा निकामी तरी. हिरवट-तपकिरी रंग म्हातारपणाचा, शेंगा भरताना तो दिसणे स्वाभाविक आहे. सूत्रकृमी या मातीतल्या सूक्ष्म कृमींमुळेही मुळांवर गाठी येतात. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटाने सहज निघते. सूत्रकृमीत मूळच फुगलेले असते आणि गाठ ओढली तर मूळ तुटते.